लायसन्स देणारे आपण, लायसन्स घेणारेही आपण : इंग्लंडमधल्या एका घराचं प्रकरण

"मुलं आपलीच आहेत रे," दादा फोनवर म्हणाले, "त्यांच्याकडून आता कसलं लायसन्स लिहून घ्यायचं?"

पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजले होते, माझ्याकडे संध्याकाळचे सहा. सप्टेंबर २०२४. त्यांच्या इंग्लंडमधल्या घरी कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं, पत्र आलं होतं. भाडेकरू मुलांपैकी एकाने त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला, त्यांनी तो मला पाठवला. पत्रात विचारलं होतं की घराचा मालक कोण, भाडं कोण घेतं, राहतं कोण आणि या घरासाठी लायसन्स घेतलं आहे का.

मी इथे इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांची देखरेख करतो. यातले बरेच मालक मराठी आहेत. काही इथेच दुसऱ्या गावात राहतात, काही भारतात परतलेत. दादांच्या त्या एका वाक्यात या प्रकरणाची सगळी गुंतागुंत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दादा नाशिकचे, माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचे, नोकरीची सगळी वर्षं इंग्लंडमध्ये काढलेले. पण 'घर भाड्याने देणं' हा अनुभव त्यांना होता तो फक्त पुण्यातल्या फ्लॅटचा. आपल्याकडे घर भाड्याने देताना जो कागद होतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा. त्यात घरमालक लायसन्स देणारा आणि राहायला येणारा लायसन्स घेणारा. अकरा महिन्यांचा करार, मुद्रांक शुल्क, नोंदणी, पोलिसांना कळवणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. पण मालकाने सरकारकडून घर भाड्याने देण्याची परवानगी घ्यायची, हा प्रकार त्यात कुठे नाही. त्यामुळे 'लायसन्स आहे का?' हा प्रश्न वाचल्यावर दादांना वाटलं की मुलांबरोबरच्या कराराबद्दल विचारताहेत. आणि करार होता. मग घाबरायचं कशाला?

इंग्लंडमध्ये हा शब्द उलट्या दिशेने जातो. इथे लायसन्स घ्यायचं ते घरमालकाने, कौन्सिलकडून. ते प्रत्येक घराला लागत नाही. कोणत्या घराला लागतं हे घरात रात्री किती माणसं झोपतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, यावर ठरतं. घर कोणाचं, मालक किती सज्जन, भाडेकरू किती ओळखीचे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता घर बघू. लंडनच्या पश्चिमेला रेल्वेने पाऊण तासावरचं गाव. १९३० च्या दशकात बांधलेलं, शेजारच्या घराला एका भिंतीने जोडलेलं दुमजली घर. वर दोन मोठ्या खोल्या आणि जिन्याच्या डोक्यावर एक लहानशी, जिला इथे सगळे 'बॉक्स रूम' म्हणतात. खाली पुढची बैठकीची खोली, मागे जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर. आईच्या आजारपणामुळे २०२२ च्या जूनमध्ये दादा-वहिनी पुण्याला परतले. पहिलं वर्षभर घरात एक गुजराती कुटुंब होतं, नवरा, बायको, दोन मुलं. तेव्हा लायसन्सचा प्रश्नच नव्हता, कारण त्या गावात एका कुटुंबाला दिलेल्या घराला ते लागत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन तरुण आले, दोघे आते-मामेभाऊ. एकाचे वडील दादांच्या नाशिकच्या शाळेतले मित्र. भाडं महिना १,६०० पौंड. दोन महिन्यांत मेसेज आला, "काका, आमचा एक मित्र येतोय, राहिला तर चालेल ना?" दादांचं उत्तर मी वाचलंय. "चालेल की. नीट राहा." जानेवारीत आणखी दोघे आले, तेव्हाही तेच उत्तर. पाच जण झाल्यावर भाडं २,००० ठरलं, म्हणजे प्रत्येकी ४००, आणि प्रत्येक जण ते सरळ दादांच्या खात्यात भरायला लागला. डिपॉझिटही प्रत्येकी ४००, तेही त्याच खात्यात.

यात दादांचा लोभ नव्हता. पाच मुलांचं मिळून भाडं त्यांनी बाजारभावापेक्षा कमीच ठेवलं होतं. परदेशात आलेल्या पोरांना डोक्यावर छप्पर मिळावं एवढीच भावना होती, हे मी त्यांना वीस वर्षं ओळखतो म्हणून ठामपणे सांगतो. पण कायदा भावना मोजत नाही, डोकी मोजतो.

तर मोजणी अशी. २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे तीन किंवा जास्त माणसं एका घरात राहत असतील, ती एकाहून जास्त 'हाउसहोल्ड'ची असतील आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा संडास सामायिक असेल, तर ते घर 'एचएमओ' (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन) होतं. दोनच माणसं असतील तर नाही, ती परकी असली तरीही नाही. हा हाउसहोल्ड शब्द मराठीत कसा सांगावा याचा मी बराच विचार केला आहे. 'कुटुंब' म्हटलं की आपल्याला एका चुलीवर जेवणारे आठवतात. त्या घरात तर पाचही जणांचं जेवण एकत्र व्हायचं. कुकर एक, कणिक एक, आळीपाळीने पोळ्या. आपल्या भाषेत ते एकच घर. कायद्याच्या लेखी चूल नव्हे, रक्त आणि लग्न महत्त्वाचं. नवरा-बायको किंवा तसे एकत्र राहणारे जोडीदार, आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे आणि 'कझिन'. चुलत, आते, मामे, मावस या आपल्या चारही शब्दांना त्यांचा तो एक शब्द पुरतो. म्हणजे पहिले दोघे मिळून एक घर. पण जिवाभावाचा मित्र, एकाच वर्गातला, एकाच गल्लीतला, तो मात्र स्वतंत्र घर. पाच माणसं, चार घरं.

पाच किंवा जास्त माणसं आणि दोन किंवा जास्त हाउसहोल्ड, असं एचएमओ असेल तर इंग्लंडभर कुठेही लायसन्स सक्तीचं आहे. पूर्वी यात घर तीन मजली असण्याची अट होती. १ ऑक्टोबर २०१८ पासून ती गेली, आणि असंख्य साधी दुमजली घरं एका दिवसात यात आली. जुन्या मालकांपैकी अनेकांच्या डोक्यात ती तीन मजल्यांची अट अजून बसलेली आहे. दादाही तेच म्हणाले, "आपलं घर तर दोनच मजल्यांचं आहे."

इथे माझी स्वतःची चूक सांगायला हवी. फोनवर मी त्यांना म्हणालो, "पाचवा जानेवारीत आला ना, म्हणजे जानेवारीपासून लायसन्स हवं होतं." रात्री कौन्सिलच्या संकेतस्थळावर बसलो आणि लक्षात आलं की त्या कौन्सिलने २०२३ पासूनच पूर्ण हद्दीत 'अ‍ॅडिशनल लायसन्सिंग' लागू केलं होतं. देशभरची सक्ती पाच माणसांपासून असली, तरी एखाद्या कौन्सिलला आपल्या भागात तीन-चार माणसांच्या एचएमओलाही लायसन्स सक्तीचं करता येतं. म्हणजे चूक पाचवा आला तेव्हा सुरू झाली नव्हती, तिसरा आला तेव्हाच, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. माझा हा रोजचा धंदा, तरी मी पाचच धरून चाललो. तेव्हापासून कुठल्याही घराबद्दल कोणी विचारलं तर आधी त्या घराचा पोस्टकोड त्या कौन्सिलच्या पानावर घालतो, मग बोलतो.

याहून पुढची पायरी 'सिलेक्टिव्ह लायसन्सिंग'ची. कौन्सिलने ठरवलेल्या भागात अगदी एका कुटुंबाला दिलेल्या घरालाही लायसन्स लागतं. लंडनच्या न्यूहॅम भागाच्या कौन्सिलने २०१३ च्या जानेवारीत जवळपास पूर्ण हद्दीसाठी हे आणलं, नंतर अनेकांनी आणलं. या योजना पाच वर्षांच्या असतात, संपतात, पुन्हा येतात. गेल्या वर्षी लागत नव्हतं म्हणून या वर्षी लागणार नाही असं नाही. वेल्समध्ये तर २०१५ पासून प्रत्येक खाजगी घरमालकाला नोंदणी करावीच लागते, आणि घराची देखरेख स्वतः करायची असेल तर लायसन्सही.

पत्राकडे परत येऊ. ते आलं कसं? तक्रार शेजारच्या आजींनी केली होती. भांडण नव्हतं. कचऱ्याचा डबा पंधरवड्याने एकदा उचलला जातो, एका घराला एक डबा, आणि पाच जणांचा कचरा त्यात मावत नव्हता. झाकण उघडं राहायचं, कोल्हे पिशव्या फाडायचे. आजींनी दोनदा मुलांना सांगितलं, तिसऱ्यांदा कौन्सिलला.

मी दादांना म्हटलं, उत्तर मुदतीत द्यायचं आणि खरं द्यायचं. त्यांची पहिली प्रतिक्रिया वेगळी होती. कोणीही घाबरलेला मालक म्हणतो तेच, "सगळ्यांना महिन्याच्या आत बाहेर काढतो, विषय संपला." तो मार्ग बंद होता. लायसन्स लागत असताना ते न घेतलेल्या एचएमओचा मालक तेव्हाची 'सेक्शन २१'ची नोटीस, म्हणजे कारण न देता घर रिकामं करून घ्यायची नोटीस, देऊच शकत नव्हता. शिवाय डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत ठेवलेलं नव्हतं. ते घेतल्यापासून ३० दिवसांत ठेवावं लागतं, नाहीतर भाडेकरू न्यायालयात त्या रकमेच्या एक ते तीन पट मागू शकतो. आणि दमदाटी करून बाहेर काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. (सेक्शन २१ आता १ मे २०२६ पासून सगळ्यांसाठीच गेलं, तो निराळा विषय.)

दुसरा विचार त्यांनी मांडला, "दोघांना दुसरीकडे पाठवू, तीनच ठेवू." माणसं कमी करून लायसन्सच्या कक्षेतून बाहेर पडायचं असेल तर कौन्सिलकडून तीन महिन्यांची तात्पुरती सूट मागता येते. पण इथे तिघांनाही लायसन्स लागत होतं. फक्त दोघे भाऊच राहिले तर सुटका, आणि त्या दोघांना एवढं भाडं परवडत नव्हतं म्हणून तर मित्र आले होते.

उरला एकच रस्ता, अर्ज. आणि तोही लगेच. कारण अर्ज रीतसर, शुल्कासह दाखल झाला की त्या दिवसापासून लायसन्स नसल्याचा गुन्हा पुढे चालू राहत नाही. लायसन्स हातात पडायला महिने लागतात, पण घड्याळ थांबतं ते अर्जाच्या तारखेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कौन्सिलच्या अधिकारी बाई पाहणीला येण्याच्या चार दिवस आधी, आम्ही अर्ज भरला. लायसन्सधारक आणि देखरेख करणारा म्हणून माझं नाव घातलं. मालक परदेशात असेल तर बऱ्याच कौन्सिलना इथे राहणारा, घराची जबाबदारी प्रत्यक्ष घेऊ शकणारा माणूस हवा असतो. त्या माणसाची पार्श्वभूमीही तपासतात, त्याने फसवणूक, हिंसा, घरभाड्याच्या कायद्याचा भंग असं काही केलेलं नाही ना.

पाहणीचा दिवस मी विसरणार नाही.

दारात चपला-बुटांचे अकरा जोड होते. बाई आत आल्या, बुटांवर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि दाराकडे वळून विचारलं, "रात्री हे दार कसं बंद करता?" एका मुलाने दाखवलं. आतून किल्लीने दोनदा फिरवायचं. "आणि किल्ली?" किल्ली स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या गणपतीच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलेली. कोणी बाहेरून आलं तर हरवू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेली जागा. मुलाने ते कौतुकाने सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत पावलं मोजली. नऊ पावलं. मग जिन्याखाली वाकून पाहिलं. तिथे ई-बाईकची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती.

मलाही तेव्हा ते चित्र एकदम दिसलं. रात्री दोन वाजता आग लागली तर ती लागणार स्वयंपाकघरात नाहीतर जिन्याखाली. वरचे चौघे खाली येणार तो जिना धुराने भरलेला. दार किल्लीने बंद. आणि किल्ली आगीच्या पलीकडे. घरात धुराची सूचना देणारा एक अलार्म होता, वरच्या मजल्यावर, आणि पोहे-फोडणीच्या धुराने सारखा वाजतो म्हणून मुलांनी त्याची बॅटरी काढून ठेवली होती. मी या घरात दहा वेळा चहा प्यायलो असेन. एकदाही माझं लक्ष गेलं नव्हतं.

लायसन्स म्हणजे कौन्सिलची पैसे काढायची युक्ती, असं आपल्या मंडळींत सर्रास बोललं जातं. ते बोलणाऱ्यांना मी ग्लासगोची गोष्ट सांगतो. १९९९ च्या मार्चमध्ये तिथल्या एका तळघरातल्या फ्लॅटला आग लागून दोन विद्यार्थी गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर २००० पासून स्कॉटलंडमध्ये अशा घरांना लायसन्स सक्तीचं झालं. गज चोरापासून संरक्षण म्हणून लावलेले असतात, किल्ली हरवू नये म्हणून खिळ्याला अडकवलेली असते. हेतू प्रत्येक वेळी चांगलाच असतो.

मग खोल्या मोजल्या. बाईंनी भिंतीला यंत्र लावलं, लाल ठिपका समोरच्या भिंतीवर. एचएमओमध्ये दहा वर्षांवरच्या एका माणसाला झोपायला किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांना १०.२२ चौरस मीटर हवेत, हा देशाचा नियम. कौन्सिलला याहून जास्त मागता येतं, कमी नाही. छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी असलेली जागा धरत नाहीत. भाऊ झोपायचे ती खोली १२.४, ठीक. मागची ठीक. खालची बैठकीची खोली, जिथे चौथा झोपायचा, तीही ठीक. बॉक्स रूम निघाली ६.३७.

घर विकत घेताना एजंटने दिलेल्या नकाशावर ती साडेसहाच्या वर होती, कारण त्यात जिन्यावरचा उंचवटाही धरलेला. कमी पडली ती ०.१४ चौरस मीटर, म्हणजे ए-फोरचे सव्वादोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा होते तेवढी. दादा फोनवर हताश होऊन म्हणाले, "एवढ्यासाठी?" मी त्यांना त्या खोलीचा व्हिडिओ पाठवला. पलंग, त्याला टेकून सूटकेस, सूटकेसवर लॅपटॉप, आणि दार पूर्ण उघडत नाही कारण मागे कपड्यांची रॅक. त्या खोलीत तो मुलगा नऊ महिने राहिला होता, इतरांइतकेच ४०० पौंड देऊन. सगळ्यात शेवटी आला म्हणून ती खोली त्याच्या वाट्याला आली आणि भाडं समान ठेवणं दादांना न्याय्य वाटलं होतं.

बाकी कागदांत आम्ही अर्धे पास झालो. गॅसचं वार्षिक प्रमाणपत्र होतं. विजेच्या तारांची पाच वर्षांतून एकदा करायची तपासणी राहिली होती. मुलांचे व्हिसा सगळ्यांचे नीट होते. दादांनी पाचपैकी दोघांचेच पासपोर्ट पाहिले होते, तेही फोनवर. यातल्या एखाद्याचा व्हिसा संपलेला असता तर वेगळंच संकट ओढवलं असतं. घराचा विमा मात्र 'एका कुटुंबाला भाड्याने' असा होता. आग लागली असती तर विमा कंपनीने काय केलं असतं, हा विचार मी आजही टाळतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काम झालं. वर, खाली आणि खोल्यांमध्ये एकमेकांना जोडलेले अलार्म, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा, म्हणजे फोडणी दिल्यावर ओरडत नाही आणि कोणी बॅटरी काढत नाही. स्वयंपाकघराला आणि झोपण्याच्या खोल्यांना अर्धा तास आग थोपवणारी, आपोआप बंद होणारी दारं. आणि पुढच्या दाराला आतून किल्लीविना, बोटांनी फिरवून उघडणारं कुलूप. सगळ्यात स्वस्त काम हेच.

खर्च झाला ४,८०० पौंड. लायसन्सचं शुल्क दोन हप्त्यांत, १,२४०.

आणि दंड. लायसन्सशिवाय एचएमओ चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. खटला चालला तर दंडाला कमाल मर्यादा नाही. खटल्याऐवजी कौन्सिल स्वतः दंड लावू शकतं, तेव्हा त्याची मर्यादा एका गुन्ह्याला ३०,००० पौंड होती. २०२५ च्या नव्या भाडेकरू कायद्याने ती ४०,००० केली आहे. आम्हाला आधी इराद्याची नोटीस आली, ९,००० पौंडांची. म्हणणं मांडायला २८ दिवस मिळतात. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे मी लिहू दिलं नाही, कारण एवढ्याने काही होत नाही. घर भाड्याने देणाऱ्याने नियम माहीत करून घ्यायचे असतात, असंच न्यायाधिकरणं बहुधा म्हणतात. आम्ही लिहिलं ते काय केलं त्याबद्दल. पाहणीआधी भरलेला अर्ज, कामाच्या पावत्या, डिपॉझिटं परत केल्याचे बँकेचे कागद, आधीचा कोणताही भंग नसणं. अंतिम आकडा आला ५,५००. त्यावर न्यायाधिकरणात अपील करता येतं. दादा म्हणाले, "नको. झालं ते झालं."

पण जास्त दुखलं ते पुढे. बॉक्स रूममधला मुलगा जानेवारीत दुसरीकडे राहायला गेला आणि त्याने भाडं परत मागितलं.

याला 'रेंट रीपेमेंट ऑर्डर' म्हणतात. लायसन्स नसलेल्या घरात राहिलेला भाडेकरू न्यायाधिकरणाकडे त्या काळातलं भाडं परत मागू शकतो. तेव्हा कमाल बारा महिन्यांचं, नव्या कायद्याने चोवीस महिन्यांचं. दादांना हे सहन होईना. "पोराला मी दिवाळीला फराळ पाठवला होता. बापाला फोन करू का त्याच्या?" मी म्हटलं, "दादा, बापाला फोन करू नका. तुम्ही त्याला मुलासारखं वागवलंत हे खरं, पण त्याने भाडं भाडेकरूसारखंच भरलं. ज्या खोलीला कायदा झोपायची खोली मानत नाही, तिचे नऊ महिन्यांचे ३,६०० पौंड दिले. तो चुकत नाहीये." हे बोलताना मला जड गेलं. पण आजही माझं मत तेच आहे. आपला माणूस म्हणून ज्याला गप्प बसवायचं, त्याच्याच अडचणीची खोली वाट्याला येते.

ओळखीच्या एकाने दादांना सल्ला दिला होता की करार फक्त मोठ्या भावाच्या नावाने आहे असं म्हणा, म्हणजे बाकीचे त्याचे भाडेकरू, तुमचे नव्हेत. या सल्ल्यामागे एक खरा निकाल आहे. मार्च २०२३ मध्ये राकुसेन विरुद्ध जेप्सन या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भाडं परत मागायचं ते ज्याने आपल्याला थेट घर दिलं त्याच्याकडून, त्याच्या वरच्या मालकाकडून नाही. पण इथे पाचही जण दरमहा सरळ दादांच्या खात्यात पैसे भरत होते, आणि "चालेल की" हे त्यांच्याच हातचं होतं. शिवाय त्या वाटेने गेलं असतं तर सगळं मोठ्या भावाच्या, म्हणजे मित्राच्या मुलाच्या गळ्यात पडलं असतं. दादांनी तो सल्ला ऐकून घेतला आणि सोडून दिला, याचा मला फार अभिमान वाटला. आता नव्या कायद्याने वरच्या मालकालाही जबाबदार धरलं आहे, त्यामुळे ती पळवाट तशीही उरलेली नाही.

न्यायाधिकरणात सुनावणी होण्याआधी तडजोड झाली. १,८०० पौंड. फोनवर दोघे बोलले, मी मध्ये नव्हतो. काय बोलले ते दादांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये लायसन्स आलं. पाच वर्षांचं, चार माणसांसाठी, तीन हाउसहोल्डसाठी. बॉक्स रूम झोपायला वापरायची नाही, ही अट त्यात स्पष्ट लिहिली आहे. आता तिथे इस्त्रीचं टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड आहे. भाडं चौघांचं मिळून १,८०० आहे. कौन्सिलने कचऱ्याचा मोठा डबा दिला, आणि शेजारच्या आजींकडे मुलांनी मोदक नेऊन दिले.

गेल्या महिन्यात दोघा भावांपैकी धाकट्याचा मेसेज दादांना आला. "काका, लग्न ठरलंय. बायको येईल मार्चमध्ये. इथेच राहिली तर चालेल ना?" दादांनी तो तसाच मला पुढे पाठवला. खाली फक्त एवढं लिहिलं होतं, "माणसं किती होतात आणि घरं किती, ते आधी सांग."

मी लिहिलं, "माणसं पाच, घरं तीनच. नवरा-बायको आणि मामेभाऊ एकात येतात. पण लायसन्स चार माणसांचं आहे. आधी बदलाचा अर्ज, मंजुरी आली की मग तिकीट."

"बरं," दादांचं उत्तर आलं. "मुलाला मी सांगतो. आणि त्यांची खोली १२.४ आहे ना? दोघांना पुरेल. मोठ्या भावाचं काय करायचं ते बघ."

त्याचाच विचार आता चालू आहे.